अरबी समुद्रातील ट्रायकोडेस्मियम : जाती ओळखण्याच्या पद्धतींचा इतिहास आणि जुन्या नोंदींची विश्वसनीयता

सारांश

ट्रायकोडेस्मियम हे उष्ण समुद्रांत वसाहती करून तरंगणारे नीलहरित शैवाल आहे. अरबी समुद्रात विशेषतः उन्हाळ्यात त्याचा बहर येतो. या प्रजातीतील जाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की त्या वेगळ्या ओळखण्याच्या कसोट्या गेल्या दोनशे वर्षांत वारंवार बदलल्या. प्रस्तुत शोधनिबंधात या कसोट्यांचा इतिहास मांडला असून भारतीय किनाऱ्यावरील जुन्या नोंदींतील जातिनामे कितपत ग्राह्य धरावीत, याचा विचार केला आहे. जातीचे नाव निरीक्षकाजवळच्या साधनांवर आणि नमुन्याच्या अवस्थेवर अवलंबून असते. म्हणून नावाबरोबर मोजमापे आणि मूळ नमुना जतन झाला असेल तरच त्या नोंदीची फेरतपासणी शक्य होते, हा येथील मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : ट्रायकोडेस्मियम, वनस्पतिप्लवक, वर्गीकरणशास्त्राचा इतिहास, अरबी समुद्र, साधनचिकित्सा.

१. प्रस्तावना

जळगाव व धुळे हे खानदेशातील जिल्हे समुद्रकिनाऱ्यापासून दूर आहेत. तापी नदी या प्रदेशाचे पाणी सुरतजवळ अरबी समुद्रात नेऊन सोडते, एवढाच काय तो या भूभागाचा समुद्राशी प्रत्यक्ष संबंध. त्यामुळे येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला सागरी प्लवकांची ओळख होते ती प्रामुख्याने पाठ्यपुस्तकातील आकृतीतून, तयार काचपट्टीवरून किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीतून. अशा बाटलीवर एक नाव असते आणि ते नाव अंतिम समजून पाठ केले जाते. ते नाव कोणी दिले, कोणत्या लक्षणावरून दिले आणि आज ते तसेच दिले जाईल काय, हे प्रश्न वर्गात सहसा विचारले जात नाहीत.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हे प्रश्न परिचयाचे आहेत. एखादा ताम्रपट किंवा बखर हाती आली की तिचा लेखक, काळ, हेतू आणि माहितीचा मार्ग तपासल्याशिवाय तिच्यातील विधान स्वीकारले जात नाही. हीच साधनचिकित्सा वैज्ञानिक नोंदींना लावली तर काय आढळते, हे पाहण्यासाठी ट्रायकोडेस्मियम ही प्रजाती निवडली आहे. प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) ट्रायकोडेस्मियमच्या जाती वेगळ्या ओळखण्याच्या कसोट्यांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) मुंबई, गोवा व एकूण भारतीय किनाऱ्यावरील नोंदींचे या इतिहासातील स्थान तपासणे.
३) जुन्या नोंदींचा उपयोग करताना व नवे नमुने जतन करताना पाळावयाची पथ्ये सुचविणे.

हा अभ्यास प्रकाशित वैज्ञानिक वाङ्मयावर आधारलेला असून त्याची पद्धती ऐतिहासिक व वर्णनात्मक आहे.

२. जीवाचे स्वरूप आणि ओळखीतील अडचण

ट्रायकोडेस्मियमची एक पेशी दुसरीला टोकाशी जोडली जाऊन केसासारखा बारीक तंतू तयार होतो. एका तंतूत साधारणतः शंभरच्या आसपास पेशी असतात. असे अनेक तंतू एकत्र येऊन वसाहत बनते व ती काही मिलिमीटर लांबीची असल्याने नुसत्या डोळ्यांनाही दिसते. वसाहतींचे ठळक प्रकार दोन. एकात तंतू परस्परांना समांतर राहून पेंढीसारखा जुडगा होतो. दुसऱ्यात ते मध्यापासून सर्व दिशांना फाकून कापसाच्या बोंडासारखा गोळा होतो. पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पुटिका असल्यामुळे वसाहती वर तरंगतात आणि वारा पडला की पृष्ठभागावर त्यांचे लांबच लांब पट्टे दिसू लागतात.

अडचण येथूनच सुरू होते. एकाच जातीचे तंतू कधी पेंढीच्या तर कधी गोळ्याच्या रूपात आढळतात, आणि दोन भिन्न जातींच्या वसाहती वरकरणी सारख्या दिसतात. शिवाय वसाहत नाजूक असते. जाळ्यातून काढताना, हलवताना किंवा फॉर्मॅलिनमध्ये टाकताना ती विस्कटते. बहर ओसरू लागला की पेशी फुटून रंगही पालटतो. म्हणजे समुद्रावर सर्वप्रथम डोळ्यांत भरणारी रंग व वसाहतीचा आकार ही दोन्ही लक्षणे प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत टिकत नाहीत, आणि टिकली तरी ती जात ठरवण्यास पुरेशी नसतात.

३. नाविकांच्या नोंदींपासून एरेनबर्गपर्यंत

या जीवाच्या सुरुवातीच्या नोंदी वैज्ञानिकांच्या कमी आणि प्रवाशांच्या अधिक आहेत. कॅप्टन कुकच्या १७७० मधील सफरीत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील समुद्रावर तपकिरी साय पसरलेली दिसली. नाविक अशा सायीला लाकडाच्या भुशाची उपमा देत असत. चार्ल्स डार्विनने १८३२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अब्रोलोस बेटांजवळ असाच थर पाहिला व त्याला तो कापलेल्या गवताच्या तुकड्यांसारखा वाटला.

दरम्यान जर्मन निसर्गशास्त्रज्ञ क्रिस्तियान गॉटफ्रीड एरेनबर्ग याने १८२३ मध्ये सिनाईच्या तोर उपसागरात पाणी लाल झालेले पाहून त्यातील जीवाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली होती. १८३० मध्ये त्याने त्याला ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम असे नाव दिले. केस आणि जुडगा या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून प्रजातीचे, तर लाल या अर्थाच्या शब्दावरून जातीचे नाव घेतलेले आहे. नावातच वसाहतीचा आकार व रंग गोवले गेले, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे बर्कले या तज्ज्ञाने डार्विनचे नमुने तांबड्या समुद्रातील याच जातीचे असल्याचे कळवले. अटलांटिकमधील जीवाला तांबड्या समुद्रातील जीवाचे नाव मिळाले आणि एक जात सर्व महासागरांत असल्याचा समज दृढ झाला. याउलट फ्रेंच शास्त्रज्ञ माँतान्य याने तांबड्या समुद्रातीलच नव्या नमुन्यांवरून १८४४ मध्ये वेगळे जातिनाम सुचवले. ते नाव आज एरिथ्रियमचेच पर्यायी नाव मानले जाते. वेगळ्यांना एक मानणे आणि एकाला वेगळे मानणे, या दोन्ही प्रवृत्ती अशा प्रकारे आरंभापासूनच दिसतात.

४. मुंबईतील निरीक्षण : हेन्री जॉन कार्टर

मुंबईच्या संदर्भात हेन्री जॉन कार्टर या शल्यचिकित्सकाचे काम महत्त्वाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत असताना त्याने गोड्या व खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचा चिकाटीने अभ्यास केला. मुंबई बेटाभोवतीच्या समुद्राला येणाऱ्या लाल रंगाविषयी त्याने १८५८ मध्ये लेख प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता हा रंग पेरिडिनियम या गटातील, चाबकासारख्या केसांनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवामुळे आल्याचे त्याने दाखवले. पुढे १८६३ मध्ये त्याने तांबड्या समुद्राला रंग देणाऱ्या द्रव्याविषयी स्वतंत्र टिपण लिहिले व त्यात ट्रायकोडेस्मियमची चर्चा केली.

हे दोन लेख एकत्र वाचले असता लाल पाणी म्हणजे ट्रायकोडेस्मियमच, असा निष्कर्ष काढता येत नाही हे स्पष्ट होते. किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या दप्तरात समुद्र लाल झाल्याचा उल्लेख सापडला तर तो नेमक्या कोणत्या जीवाचा, हे केवळ त्या उल्लेखावरून सांगता येणार नाही. कार्टरची नोंद आज उपयोगी पडते याचे कारण त्याने रंगावर न थांबता पेशीचे वर्णन दिले.

५. मोजमापांचा काळ : गोमाँ आणि विले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंग व आकार यांच्याऐवजी पेशींच्या मोजमापांना प्राधान्य मिळाले. फ्रेंच शैवालतज्ज्ञ मॉरिस गोमाँ याचा १८९२ चा प्रबंध या गटाच्या नामकरणाचा अधिकृत प्रारंभबिंदू मानला जातो. त्याने एरिथ्रियमबरोबर थिबॉटी व हिल्डेब्रांटी या जातींची वर्णने दिली. एरिथ्रियमचे तंतू सरळ व समांतर असून पेशींची लांबी रुंदीएवढी किंवा तीहून कमी असते. थिबॉटीचे तंतू दोरखंडाप्रमाणे पीळ घेतात आणि पेशी बहुधा रुंदीइतक्या किंवा तीहून अधिक लांब असतात. हिल्डेब्रांटीचे तंतू जाड व पेशी आखूड असतात. १८८९ च्या जर्मन प्लवक मोहिमेत गोळा झालेल्या नमुन्यांवरून नॉर्वेच्या विले याने १९०४ मध्ये जे विवेचन केले, त्यातून कॉन्टॉर्टम व टेन्यू ही नावे रूढ झाली.

या पद्धतीने ओळखीला निश्चिती आली खरी, परंतु ती निश्चिती मर्यादित होती. पेशीची लांबी विभाजनाच्या अवस्थेनुसार बदलते. दोन जातींच्या रुंदीच्या मर्यादा एकमेकींत मिसळतात. आणि मोजमापे बहुतांशी जतन केलेल्या नमुन्यांवर घेतलेली होती. दहा मायक्रोमीटर रुंदीचा एकटा, सुटा तंतू हाती आला तर केवळ रुंदीवरून तो एरिथ्रियमचा की थिबॉटीचा हे सांगणे कठीण होते.

६. नावांची उलथापालथ

विसाव्या शतकात जातींबरोबर प्रजातीचे नावही स्थिर राहिले नाही. १९३८ मध्ये दे तोनी याने स्कुजाएला हे प्रजातिनाम सुचवले व काही ग्रंथांत ते वापरलेही गेले. १९६८ मध्ये सूर्निया याने मोझांबिकच्या खाडीतील निरीक्षणांच्या आधारे या सर्व जाती ऑसिलेटोरिया या मोठ्या प्रजातीत ठेवल्या. पुढे सूक्ष्म रचनेचे व परिस्थितिविज्ञानाचे पुरावे वाढले आणि ट्रायकोडेस्मियम हे नाव पुन्हा सर्वमान्य झाले.

या बदलांचा व्यावहारिक परिणाम असा की जुन्या नोंदी शोधणाऱ्या अभ्यासकाला एकाच जीवासाठी निदान तीन नावांखाली शोध घ्यावा लागतो. ही बाब दुर्लक्षिली तर एखाद्या दशकात बहरच आले नाहीत, असा चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात ते दुसऱ्या नावाने नोंदले गेलेले असू शकतात.

७. भारतीय किनाऱ्यावरील नोंदी

भारतात या जीवाच्या बहराकडे प्रथम लक्ष गेले ते मत्स्यव्यवसायाच्या निमित्ताने. पांबनजवळ आलेल्या एरिथ्रियमच्या बहराविषयी व प्राणिजीवनावरील त्याच्या परिणामाविषयी १९४४ मध्ये टिपण प्रसिद्ध झाले. मद्रास विद्यापीठातील टी. व्ही. देशिकाचारी यांचा नीलहरित शैवालांवरील बृहद्ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५९ मध्ये प्रकाशित केला. गोमाँच्या परंपरेतील वर्णने व आकृत्या एकत्र उपलब्ध करून देणारा हा ग्रंथ पुढील कित्येक पिढ्यांच्या हाती राहिला. भारतातील महाविद्यालयांत शैवाल ओळखण्याची सवय मोठ्या प्रमाणावर याच ग्रंथाने लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथे तिचे मुख्यालय असून अरबी समुद्राच्या अभ्यासाला तिच्यामुळे सातत्य लाभले. एस. झेड. कासिम यांनी १९७० मध्ये लक्षद्वीप परिसरातील बहराविषयी लिहिले. देवस्सी, भट्टतिरी व कासिम यांनी गोव्याच्या किनाऱ्याजवळील बहराचा सविस्तर अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. बहर ओसरताना पाण्यातील पोषकद्रव्ये वाढतात व त्यानंतर इतर जीवांचा क्रम सुरू होतो, हे त्यांनी १९७८ व १९७९ च्या लेखांतून दाखवले. बहर ही केवळ पाण्याच्या रंगाची घटना नसून संपूर्ण अन्नसाखळीतील घडामोड आहे, हे या कामातून स्पष्ट झाले.

या काळातील किनारी नोंदींत एरिथ्रियम हे नाव पुनःपुन्हा आढळते. किनाऱ्यालगत मोठे बहर आणणारी जात प्रामुख्याने हीच आहे, हे त्याचे एक कारण निश्चितच आहे. तथापि पहिले, प्रसिद्ध व सर्वांच्या ओठी असलेले नाव हेच होते, हे दुसरे संभाव्य कारणही नजरेआड करता येत नाही. ज्या नोंदीत पेशींची मापे किंवा तंतूंचे रेखाटन दिले आहे ती आज तपासता येते. जिच्यात केवळ नाव आहे ती प्रजातीच्या पातळीवर स्वीकारावी आणि जातीच्या पातळीवर संशयास्पद मानावी, हेच योग्य.

८. पेशीच्या अंतरंगाकडून जनुकांकडे

१९९५ मध्ये यान्सन व सहकाऱ्यांनी हिंदी महासागर, कॅरिबियन व सारगासो समुद्र येथील नमुन्यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अभ्यास केला. वायुपुटिकांची पेशीतील मांडणी व ग्लायकोजेनच्या साठ्यांचे स्थान यांवरून जाती अधिक खात्रीने वेगळ्या करता येतात, असे त्यातून दिसून आले. एरेनबर्गने नावात गोवलेला वसाहतीचा आकार दीडशतकानंतर दुय्यम लक्षण ठरला.

त्यानंतर जनुकीय तुलना सुरू झाली. तिच्यातून जातींचे दोन मोठे समूह पुढे आले. एकात थिबॉटी, टेन्यू व हिल्डेब्रांटी, तर दुसऱ्यात एरिथ्रियम व कॉन्टॉर्टम. वेगळी प्रजाती म्हणून ओळखली जाणारी काटाग्निमीन ही जनुकीय दृष्ट्या थिबॉटीच्या समूहातच मोडते, असेही आढळले. म्हणजे डोळ्यांना दूरची वाटणारी नाती जवळची निघाली. गोमाँने एरिथ्रियम व थिबॉटी यांत पाहिलेला भेद मात्र टिकून राहिला. जुनी पद्धत सरसकट टाकाऊ ठरली नाही, ही गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे.

९. दोन समांतर उदाहरणे

हा अनुभव एकाच प्रजातीपुरता नाही. फिओसिस्टिस हे चिकट आवरणात वसाहत करणारे सागरी प्लवक आहे. त्यातील ग्लोबोसा ही स्वतंत्र जात नसून पुशेटीचीच कोवळी अवस्था आहे, असे कॉर्नमान याने १९५५ मध्ये मांडले व ते मत दीर्घकाळ प्रभावी राहिले. १९९४ मध्ये मेडलिन व सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्याने या जाती वेगळ्या असल्याचे दाखवले. अरबी समुद्रातील ग्लोबोसाच्या बहराची पहिली नोंद गोव्यातील मधुप्रताप व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली. हाच बहर चाळीस वर्षांपूर्वी नोंदला गेला असता तर तो बहुधा पुशेटी या नावाखाली गेला असता.

गोड्या पाण्यात याच्या उलट घडले. मायक्रोसिस्टिसच्या जाती वसाहतीच्या आकारावरून वेगळ्या मानल्या जात. प्रयोगशाळेत वाढवल्यावर हे आकार टिकत नाहीत आणि जनुकीय फरकही अत्यल्प असतो, या कारणास्तव २००१ मध्ये पाच जाती एकत्र करण्याचा प्रस्ताव ओत्सुका व सहकाऱ्यांनी मांडला. एका ठिकाणी एकाच्या दोन झाल्या, तर दुसऱ्या ठिकाणी पाचांची एक करावी असे सुचवले गेले. दोन्हीकडे फसवे लक्षण मात्र वसाहतीचे बाह्यरूप हेच होते.

१०. जातिनिश्चितीचे महत्त्व

नावावरून एवढी चिकित्सा कशासाठी, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर नायट्रोजनच्या हिशेबात आहे. ट्रायकोडेस्मियम हवेतील नायट्रोजन स्थिर करते, हे १९६१ मध्ये डगडेल, मेंझेल व रायथर यांनी सारगासो समुद्रात दाखवले. खताविना शेत पिकावे तसे पोषकद्रव्ये कमी असलेल्या समुद्रात हे स्थिरीकरण उत्पादकतेला आधार देते. १९९५ च्या मे महिन्यात मध्य अरबी समुद्रात आलेल्या विस्तृत बहराचा अभ्यास केपोन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्व अरबी समुद्रातील बहराच्या वेळी स्थिरीकरणाचे प्रत्यक्ष मापन अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील अभ्यासकांनी केले व ते २०११ मध्ये प्रकाशित झाले.

या हिशेबांमागे प्रजातीतील सर्व सदस्य नायट्रोजन स्थिर करतात, असे गृहीतक होते. २०२१ मध्ये देल्मों व सहकाऱ्यांनी समुद्रातून मिळवलेल्या जनुकीय सामग्रीवरून ते हादरवले. स्थिरीकरणाची जनुके नसलेल्या दोन जाती याच प्रजातीत असून त्या खुल्या समुद्रात विस्तृत प्रमाणात पसरलेल्या आहेत, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे तंतू मोजून नायट्रोजनचा अंदाज बांधताना ते तंतू कोणत्या जातीचे, हा प्रश्न अपरिहार्य झाला आहे. उपग्रह समुद्राचा रंग टिपून बहराचा विस्तार दाखवू शकतात. जात सांगण्यासाठी मात्र पाण्याचा नमुनाच हाती असावा लागतो.

११. खानदेशातील महाविद्यालयांच्या दृष्टीने

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांतून किनाऱ्यावर शैक्षणिक सहली जातात व तेथून नमुने आणले जातात. वरील इतिहासाच्या आधारे त्यांच्यासाठी काही पथ्ये सुचवता येतील. नमुना घेताच जिवंत अवस्थेत वसाहतीचा आकार व रंग टिपावा, शक्य तर छायाचित्र घ्यावे. निदान पंचवीस-तीस तंतूंची रुंदी व पेशींची लांबी मोजून नोंदवावी. नमुन्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, तर दुसरा जनुकीय तपासणीस चालेल अशा रीतीने शुद्ध अल्कोहोलमध्ये किंवा गोठवून ठेवावा. बाटलीवर दिनांक, स्थळ, संग्राहकाचे नाव आणि नाव निश्चित करताना वापरलेला ग्रंथ लिहावा. जुन्या चिठ्ठीवरील नाव चुकीचे वाटले तरी ती काढून टाकू नये. नवी चिठ्ठी तिच्यासोबत लावावी. दप्तरखान्यात मूळ कागद जपतात त्याच न्यायाने हे करावयाचे आहे.

समुद्र दूर असला तरी या कौशल्याचा सराव येथे करता येतो. तळ्यांत व धरणांच्या पाण्यात उन्हाळ्यात येणारा हिरवा तवंग पुष्कळदा मायक्रोसिस्टिससारख्या वसाहती करणाऱ्या शैवालांचा असतो. ताजा नमुना आणि महिनाभर फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला तोच नमुना विद्यार्थ्यांना शेजारी-शेजारी दाखवला तर नाव देण्यातील अडचण त्यांना स्वतःच उमगेल.

१२. निष्कर्ष

१) ट्रायकोडेस्मियमच्या जाती ओळखण्याची कसोटी रंग व आकार, पेशींची मापे, पेशीची अंतर्रचना आणि जनुके अशा क्रमाने बदलत गेली. प्रत्येक टप्प्यावर पूर्वीची काही नावे टिकली, काही गळाली.
२) भारतीय किनाऱ्यावरील जुन्या नोंदी मौल्यवान आहेत. मात्र मापे किंवा रेखाटने नसलेल्या नोंदींतील जातिनाम निर्णायक पुरावा म्हणून वापरू नये.
३) नायट्रोजन स्थिर न करणाऱ्या जातींचा शोध लागल्यामुळे जातिनिश्चितीला समुद्राच्या उत्पादकतेच्या अभ्यासात प्रत्यक्ष महत्त्व आले आहे.
४) नावे पुढेही बदलतील. कार्टरने दिलेले पेशीचे वर्णन दीडशे वर्षांनंतरही वाचता येते व त्यावरून निर्णय घेता येतो. आपल्या प्रयोगशाळांतील बाटल्या व नोंदवह्या पुढील अभ्यासकाला तेवढा आधार देऊ शकतील, इतपत काळजी आज घेणे हे महाविद्यालयीन अध्यापकाच्या आवाक्यातील काम आहे.